बेसिनखालची लपलेली गळती: टाइल्स फोडायच्या आधी हे करा

आजचा विषय एकदम घरगुती. बाथरूममधल्या बेसिनखाली ओल आहे, पण पाणी नेमकं कुठून येतंय ते सापडत नाही. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर डिपॉझिटसाठी तरी शेवटपर्यंत ऐका.

आमच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये हे झालं. खालच्या काकू वर आल्या. "अरे, आमच्या बाथरूमच्या छताला डाग पडलाय, पोपडे निघतायत. जरा बघतोस का?" बघितलं, तर आमच्याकडे बेसिनखाली कोपऱ्यात जराशी ओल, बाकी सगळं कोरडं. प्लंबर आला, भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, "आतली लाइन लीक असणार. टाइल्स फोडाव्या लागतील." म्हणजे खर्च, धूळ आणि घरमालकांना फोन. मी म्हटलं, "दादा, एक दिवस थांबा."

कोडमध्ये बग आला की आपण आधी विचारतो, बग येतो कधी? इथेही तेच. गळती कुठे आहे हे नंतर, आधी ती कधी होते ते बघायचं.

बेसिनचे दोन भाग करा. पहिला, येणारं पाणी: भिंतीतली लाइन, अँगल कॉक, कनेक्शन पाइप, नळ. यात अँगल कॉकपर्यंत तरी टाकीचं प्रेशर कायम असतं, त्यामुळे इथली गळती साधारण २४ तास चालू राहते, तुम्ही झोपलात तरी. दुसरा, जाणारं पाणी: बेसिनच्या तळाचं वेस्ट कपलिंग, बॉटल ट्रॅप, वेस्ट पाइप. इथे प्रेशर नसतं. बेसिन वापरलं तरच गळतं.

आता टेस्ट. रात्री सगळं कोरडं पुसा, प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि सकाळपर्यंत बेसिन वापरू नका. टिश्यू ओला झाला तर येणाऱ्या पाण्यात गडबड आहे. भिंतीतल्या लाइनवर संशय कधी घ्यायचा? अँगल कॉक बंद आहे, बेसिन वापरलेलं नाही, तरीही भिंत ओली होत राहते, तेव्हा.

आणि थेंब थेंब गळतंय म्हणून सोडून देऊ नका. सेकंदाला एक थेंब आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसाला ४ लिटरच्या वर पाणी जातं.

आमचा टिश्यू सकाळी कोरडा होता. म्हणजे जाणारं पाणी. पण नळ सोडून हात धुतले तरी काही गळेना! इथेच बरेच लोक फसतात. नुसत्या धारेने सगळ्या गळत्या दिसत नाहीत. बेसिन ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत भरा, दोन मिनिटं थांबा आणि बूच एकदम काढा. मग खाली टॉर्च मारून बघा.

अजून एक गोष्ट. पाणी पाइपवरून ओघळतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला टपकतं. त्यामुळे जिथे टपकतंय तो जॉइंट बिचारा निर्दोष असू शकतो. सगळ्यात वरचा ओला टिश्यू शोधा.

आमच्याकडे तो निघाला वेस्ट कपलिंगच्या नटपाशी. बेसिन आणि कपलिंगमधलं वॉशर कडक झालं होतं. भरलेल्या बेसिनमधलं पाणी कपलिंगच्या आट्यांवरून खाली यायचं, वेस्ट पाइपच्या मागून ओघळायचं आणि पाइप जिथे जमिनीत जातो तिथल्या फटीत गायब व्हायचं. म्हणून वर नुसती ओल आणि काकूंच्या छताला एवढा मोठा डाग.

त्याच प्लंबरदादांना बोलावून ओला टिश्यू दाखवला. त्यांनी कपलिंग खोललं, जागा घासून साफ केली, नवं वॉशर टाकलं, सिलिकॉन लावलं. २४ तास बेसिन बंद. टाइल एकही फुटली नाही. मग पुन्हा बेसिन भरून सोडलं. ही शेवटची टेस्ट विसरू नका, नाहीतर दुरुस्ती झाली हे कळणार कसं?

काकूंच्या डागाभोवती पेन्सिलने रेघ मारली आणि तारखेसकट फोटो काढला. डाग रेघेबाहेर गेला नाही, तर गळती थांबली. छत पूर्ण वाळल्याशिवाय रंग मारू नका, पोपडे परत येतात.

दोन सूचना. ओल बोर्ड किंवा गिझरच्या जवळ असेल तर आधी मेन स्विच बंद करा, बाकी सगळं नंतर. आणि सोसायटी पैसे देईल या भरवशावर राहू नका. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार टॉयलेट, सिंकमुळे होणाऱ्या घरातल्या गळतीचा खर्च त्या सभासदानेच करायचा असतो. म्हणून कोणी हातोडा काढला, की विचारा, "दादा, गळती येणाऱ्या पाण्याची की जाणाऱ्या?" उत्तर नसेल, तर एक रात्र आणि एक टिश्यूचं पाकीट मागून घ्या.

तुमच्या ग्रुपमधल्या ज्याच्या खालचे शेजारी सध्या रागावलेत, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!