उंचीपेक्षा वाढीकडे बघा

वालचंदनगर, इंदापूर, बारामतीकडच्या पालकांनो, मूल वर्गात सर्वांत ठेंगणं आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही. ते वर्षभरात किती वाढलं, यावरून ठरतं. चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून खूण करा आणि तारीख घाला. वयाच्या चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढ हवी. ४ च्या आत राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना गाठा. ‘आईबापच बुटके, पोर कुठून उंच होणार?’ असं म्हणतात. अनुवंश खराच, पण अशी निरोगी मुलंही नेमानं वाढत राहतात. पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या सहभागातून २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी सुधारित वाढतक्ते आले. त्यावर मुलाची रेष घसरू लागली, की कारण शोधलंच पाहिजे.

काही मुलं उशिरा वाढतात हे मान्य. पण ते ठरवायला डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय बघावं लागतं. थायरॉईड आणि कुपोषणही आधी तपासतात. मग वाढीचं संप्रेरक (ग्रोथ हॉर्मोन) तपासतात. ते रक्तात थांबून थांबून येतं, म्हणून औषध देऊन ठरावीक अंतरानं रक्त घेतात. या संप्रेरकाची कमतरता ठरली, तर बहुधा रोज रात्री त्वचेखाली इंजेक्शन. पण हाडांची टोकं जुळली, की मग उंची वाढत नाही. मोठ्यांमध्ये, विशेषतः हे संप्रेरक बनवणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणातल्या अतिरक्तस्रावानंतर, हीच कमतरता थकवा, पोटावरची चरबी आणि ठिसूळ हाडं अशी दिसते.