घाम चोरणारा वारा

पन्नाशीनंतर सायकल धरायची, तीही ऐन मे महिन्यात! कोल्हापूरकर हसणारच. हसू द्या. जपायचं ते वाऱ्यापासून. सायकल चालू असते तोवर तो घाम वाळवत राहतो. वाटतं, घाम आलाच नाही. थांबलं की सदरा चिंब! म्हणून तहानेची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. घरी आल्यावर मीठ घातलेलं ताक. उन्हाची सवय व्हायला अंगाला १० ते १४ दिवस लागतात. तोवर सकाळी लवकर रंकाळ्याची फेरी पुरे. पन्हाळा २० किलोमीटरवर आहे. १६६०च्या वेढ्यातही तो जागचा हलला नव्हता. गरगरलं, मळमळलं, तर सायकल स्टँडवर आणि आपण झाडाखाली. कुणी विचारलंच, “काय काका, दमलासा?” तर खुशाल “हो” म्हणावं.