तोललेले बाहू
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



कलकत्त्यात राहून ज्या हावडा पुलावरून आपण ये-जा करतो, त्याविषयी बोलण्याचे आम्ही योजिले आहे. मात्र त्याची कुळकथा सांगावयाची तर आधी स्कॉटलंड आणि कॅनडा गाठावे लागेल. या घराण्याच्या पदरी जे शहाणपण आहे, त्याची किंमत माणसांनी प्राण देऊन चुकविली आहे.

२८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधील टे नदीचा पूल धावत्या आगगाडीसह कोसळला. त्याचा रचनाकार टॉमस बाउच याचीच योजना जवळच्या फोर्थ खाडीवरील पुलासाठी स्वीकारलेली होती. ती बाजूला पडली. तेथे जॉन फाउलर आणि बेंजामिन बेकर यांनी कँटिलिव्हर पद्धतीचा पूल उभारला. ही पद्धत सामान्यांस उमगावी म्हणून बेकरने १८८७ साली एक सोपी युक्ती केली. दोन माणसे खुर्च्यांवर बसवून त्यांचे हात दोन्हीकडे पसरले आणि हातांना खालून तिरप्या काठ्यांचा टेकू दिला. बाहेरच्या हातांना विटांची ओझी बांधली. आतल्या दोन हातांच्या मधल्या फळीवर तिसरा माणूस बसविला. तो होता काइची वातानाबे हा जपानी अभियंता. हात ताणले गेले, काठ्या दाबल्या गेल्या, आणि मधल्या माणसाला विटांनी तोलून धरले. १८९० मध्ये खुल्या झालेल्या फोर्थ पुलाचे दोन मुख्य गाळे प्रत्येकी १,७१० फुटांचे आहेत.

कॅनडातील क्वेबेकला याहून लांब गाळा हवा होता. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर याने १,६०० फुटांचा गाळा १,८०० फुटांवर नेला. परंतु वाढलेल्या पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब नव्याने केला गेला नाही. लांब पुलावर सर्वांत मोठा भार गाड्यांचा नसतो, त्याच्या स्वतःच्याच अंगाचा असतो. चूक लक्षात आली तेव्हा पुष्कळ पोलाद चढून गेले होते, आणि काम तसेच चालू राहिले. ऑगस्ट १९०७ मध्ये दाब सोसणाऱ्या एका खालच्या भागाला दोन इंचांहून अधिक बाक आला. नॉर्मन मॅक्‌लुअर हा तरुण अभियंता ते सांगावयास न्यूयॉर्कला कूपरकडे गेला. अधिक भार चढवू नका, अशी तार कूपरने कारखान्याला केली; पुलावर मात्र निरोप पोहोचलाच नाही. २९ ऑगस्टच्या सायंकाळी, काम सुटण्याच्या सुमारास, पूल कोसळला आणि ७५ कामगार दगावले. १९१६ साली नव्या पुलाचा मधला भाग वर चढविताना पाण्यात पडला. आणखी १३ जण गेले. १९१७ मध्ये पूर्ण झालेल्या त्या पुलाचा गाळा आजही कँटिलिव्हर पुलांत जगात सर्वांत लांब आहे.

आता आपल्या हुगळीकडे वळू. जहाजांची वाट अडू नये म्हणून पात्रात एकही खांब न घेता, फेब्रुवारी १९४३ मध्ये, ऐन महायुद्धात, हावडा पूल खुला झाला. सुमारे २६,५०० टन पोलादांपैकी २३,००० टन टाटांच्या कारखान्याचे. आणि सारी जोडणी रिव्हेटांची. मुख्य गाळा १,५०० फुटांचा. दोन्ही काठांवरून ४६८ फुटांचे बाहू नदीवर पुढे येतात आणि ५६४ फुटांचा मधला भाग पेलून धरतात. हे दिसते. जे सहसा पाहिले जात नाही ते असे, की प्रत्येक बाहूच्या मागे ३२५ फुटांचा दुसरा बाहू काठाकडे जातो आणि तेथे जमिनीत पक्का जखडलेला असतो. तो सुटला तर पुढचा बाहू पाण्यात जाईल.

मंडळींनो, परप्रांती आलेल्या आपल्यासारख्यांनी या मागच्या बाहूकडे निरखून पाहावे. गेली पन्नास वर्षे या मंडळाने बिनबोभाट तेच काम केले. आता आपली मुले आपल्याहूनही दूर चालली आहेत. जावोत, गाळा वाढो. परंतु गाळा वाढला की जुना हिशेब चालत नाही, हे क्वेबेकने शिकविले आहे. घरात मराठी किती बोलली जाते, मंडळात तरुण किती येतात, याची मोजदाद आज पुन्हा झाली पाहिजे. आणि कोणी तरुण येऊन बाक आल्याचे सांगू लागला, तर त्याचा निरोप वाटेत अडता कामा नये, एवढीच आमची विनंती आहे.