मोजणारे यंत्र नवे, राखणारे यंत्र जुने

(नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की, हा तर इंजिनिअरांचा प्रश्न; राजकीय कार्यकर्त्याचे त्यात काय काम? रिले, मीटर आणि संदेशवहनाची साधने ही उपकेंद्राच्या कुंपणाआड आणि खांबावरच्या पेटीत असतात. सामान्य माणसाला दिसतो तो दिवा आणि हाती पडते ते बिल. परंतु जे यंत्र माणसाचा जीव राखते, जे त्याच्या बिलाचा आकडा ठरवते, ते म्हातारे झाले म्हणजे आधी कोणते बदलावयाचे आणि कोणाच्या पैशाने, हा निर्णय कोणी तरी घेतच असतो. तो निर्णय लोकांना न विचारता होतो, म्हणूनच तो आपला विषय आहे.

आपल्या जिल्ह्याच्या बाबतीत तर तो अधिकच आहे. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. त्या विजेसाठी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. तापीकाठच्या शेतात मोटारी लागल्या, साखर कारखाने उभे राहिले. परंतु सातपुड्यातील पाड्यांपर्यंत तार पोहोचली ती सर्वांत शेवटी, आणि पोहोचली ती लांबच लांब ११ केव्हीच्या वाहिनीच्या टोकाला. वाहिनी जितकी लांब, तितकी ती तुटण्याची शक्यता अधिक, आणि उपकेंद्रातील यंत्राला टोकाचा दोष कळणे तितकेच अवघड.

हा दोष ओळखणारे यंत्र म्हणजे रिले. वाहिनीतील प्रवाह प्रमाणाबाहेर गेला, किंवा जमिनीकडे वाहू लागला, की रिले ब्रेकरला हुकूम देतो आणि वीज तुटते. तार ओल्या शेतात पडली तर जमिनीत पुष्कळ प्रवाह जातो आणि दोष चटकन कळतो. तीच तार उन्हाळ्यात सातपुड्याच्या मुरमाड उतारावर किंवा खडकावर पडली, तर जमिनीकडे जाणारा प्रवाह रोजच्या भारापेक्षाही कमी भरतो. साध्या रिलेला त्यात काही वावगे दिसत नाही. तार जमिनीवर पडलेली असते आणि जिवंत असते. सकाळी गुरे घेऊन निघालेल्या मुलाला ते कळावयास मार्ग नसतो. या दोषावर शंभर टक्के खात्रीचा इलाज जगात कोणाजवळही नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु अल्प प्रवाहही ओळखणारे भूदोष रिले, त्यांची नेमकी जुळणी आणि वेळच्या वेळी चाचणी यांनी धोका पुष्कळ कमी होतो, हेही तितकेच खरे आहे.

रिलेने दोष ओळखला म्हणजे काम झाले असेही नाही. ब्रेकर उघडण्यासाठी लागणारी शक्ती उपकेंद्रातील बॅटरीकडून येते. सेल मेले, चार्जर बंद पडला, तर रिले हुकूम देतो, पण तो बजावणारा हात लुळा पडलेला असतो. खाली डीपीवर फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली असली, तर तिथली राखणही संपली.

रिलेचा दुसरा अपराध याच्या नेमका उलट असतो: नको तेव्हा वीज तोडणे. ३० जुलै २०१२ रोजी बीना–ग्वाल्हेर या ४०० केव्हीच्या वाहिनीवरील रिलेने वाढलेला भार हाच दोष मानला, वाहिनी तुटली आणि उत्तरेचे सारे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात गेला. सुमारे ६० कोटी लोकवस्तीचा हा प्रदेश. तेव्हा रिले केवळ असून भागत नाही. बदललेल्या भाराप्रमाणे त्याची जुळणी पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

आता या यंत्रांच्या वयाचा विचार करू. जुना रिले म्हणजे काचेच्या पेटीतील फिरती चकती. धूळ झाडली, चाचणी घेतली, तर ती तीस-चाळीस वर्षे टिकते. बिघडली तर कुशल तंत्रज्ञ ती दुरुस्त करू शकतो. नवा संगणकीय रिले कितीतरी अधिक जाणता आहे. दोष कधी झाला, किती प्रवाह गेला, याची नोंद तो ठेवतो. परंतु त्याचे आयुष्य साधारण पंधरा-वीस वर्षांचेच. त्यातील इलेक्ट्रॉनिक भाग उष्णतेने सुकतात, आणि कंपनीने ते कार्ड बनविणे थांबविले की सारे यंत्रच टाकावे लागते. म्हणजे नवे यंत्र आणले की म्हातारपणाचा प्रश्न मिटत नाही. तो अधिक लवकर परत येतो. नवे यंत्र घेणाऱ्याने त्याच दिवशी त्याच्या बदलीची तरतूद केली पाहिजे.

मीटरचेही असेच आहे. जुन्या चकतीच्या मीटरची धाव झिजेने मंदावते आणि कंपनीचे नुकसान होते, हे मान्य. परंतु मीटर बंद पडला, पडदा दिसेनासा झाला, की ग्राहकाला ‘सरासरी’ बिल येऊ लागते आणि भुर्दंड त्याच्यावर पडतो. कृषिपंपांची कहाणी याहून गंभीर. राज्यातील लाखो पंपांना मीटर नाही. त्यांचा वापर अंदाजाने धरला जातो. शेतीच्या नावाखाली गळती आणि चोरी लपविली जाते, असे प्रताप होगाडे यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना वर्षानुवर्षे मांडत आली आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. शेतकऱ्याच्या हातावर शून्याचे बिल पडते, म्हणून मीटरकडे कोणी पाहत नाही. परंतु सरकारी तिजोरीतून अनुदान जाते ते याच मोजणीच्या आधारे.

संदेशवहन हा तिसरा भाग. मोठ्या वाहिन्यांवर पूर्वी विजेच्या तारेवरूनच संदेश जात. तेथे आता प्रकाशतंतू आले. मीटर आणि वाहिन्यांची माहिती मोबाइलच्या जाळ्यावरून जाते. मोठ्या खासगी कंपन्यांनी ३जी सेवा गुंडाळली, तेव्हा केवळ तिच्यावर चालणारी उपकरणे धडधाकट असूनही मुकी झाली. यंत्राचे म्हातारपण केवळ त्याच्या झिजेने येत नाही. दुसऱ्याच्या व्यापारी निर्णयानेही येते. धडगाव-मोलगीच्या ज्या दऱ्यांत माणसाचा फोन लागत नाही, तेथे मीटरचा फोन कसा लागणार, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

आणि येथे मूळ मुद्दा येतो. केंद्राने २०२१ मध्ये ३,०३,७५८ कोटी रुपयांची वितरण सुधारणा योजना आणली आणि २५ कोटी स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवले. महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांचे ठेके खासगी कंपन्यांना दिले. एका मीटरमागे खर्च सुमारे बारा हजार रुपये. केंद्राचे अनुदान जास्तीत जास्त ९०० रुपये. विरोध वाढल्यावर जून २०२४ मध्ये, सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर बसविणार नाही, अशी घोषणा झाली. पुढे तेच मीटर ‘टीओडी’ या नावाने, पोस्टपेड म्हणून बसू लागले. ग्राहकाकडून थेट पैसे घेणार नाही, असे सांगितले जाते. परंतु महावितरणची तिजोरी भरते ती वीजदरांतूनच. नव्या मीटरला आपला तत्त्वतः विरोध असण्याचे कारण नाही. आपला आक्षेप क्रमाला आहे. जे यंत्र पैसे मोजते त्याच्यासाठी कर्ज, ठेकेदार आणि मुदत सारे काही सापडते. जे यंत्र जीव राखते त्याच्या बॅटरीसाठी मात्र मागणीपत्र फिरत राहते. आणि तुटलेली तार जोडावयास खांबावर चढतो तो बहुधा कंत्राटी कामगार.

कायदा या बाबतीत आपल्या बाजूला आहे. रायपूर येथे १९९७ मध्ये रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने एका सायकलस्वाराचा बळी घेतला. तार चोरट्याने ओढली होती, असा बचाव तेव्हाच्या मध्य प्रदेश वीज मंडळाने केला. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो फेटाळला: असे धोक्याचे काम करणाऱ्यावर, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी, भरपाईची जबाबदारी आहे, आणि तार तुटताच प्रवाह आपोआप बंद व्हावयास हवा होता. म्हणजे रिलेने काम करणे हा अभियंत्याच्या सोयीचा नव्हे, नागरिकाच्या हक्काचा प्रश्न आहे.

तेव्हा आपण काय करावयाचे? पहिली गोष्ट, प्रत्येक ३३/११ केव्ही उपकेंद्रातील रिले, ब्रेकर आणि बॅटरी यांची वयाची व चाचणीची नोंदवही माहितीच्या अधिकाराखाली मागावी आणि ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी. दुसरी, विजेने झालेल्या प्रत्येक मृत्यूनंतर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीत एक प्रश्न हटकून विचारावा: त्या वेळी वाहिनी ट्रिप झाली होती काय, आणि नसल्यास का नाही? तिसरी, सदोष मीटरच्या थकबाकीचे बिल आले तर वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांतील तीन महिन्यांच्या मर्यादेकडे बोट दाखवावे. चौथी, दरवाढीच्या जाहीर सुनावणीत, मीटरच्या खर्चाबरोबर संरक्षक यंत्रांच्या बदलीचा वर्षवार आराखडा मागावा. आणि पाचवी, ही यंत्रे सांभाळणाऱ्या कायम, प्रशिक्षित कामगारांची मागणी वीज कामगारांच्या संघटनांच्या खांद्याला खांदा लावून करावी.

आपल्या लोकांना हे जमणार नाही, असे कोणी म्हणेल. त्याला बिलगावची आठवण द्यावी. २००३ मध्ये धडगाव तालुक्यातील या आदिवासी गावाने श्रमदानाने बांध घालून १५ किलोवॉटचे जलविद्युत केंद्र उभे केले आणि स्वतः चालविले. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्याने ते गिळले. ज्या लोकांनी वीज निर्माण करून दाखविली, त्यांना उपकेंद्राची नोंदवही समजणार नाही, असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. ती नोंदवही उघडून घेणे, एवढे काम पावसाळ्यापूर्वी आपण प्रत्येक तालुक्यात करू या.