भावाने लिहिलेला भाऊ

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने मला आपल्या कलावंतांविषयी चार शब्द बोलायला सांगितले. थोर कलावंतावर बोलताना आपण त्याची पुस्तके मोजतो, पुरस्कार सांगतो आणि टाळ्या घेऊन खाली बसतो. आज मी लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्याविषयी बोलणार आहे, पण त्यांच्या सुरुवातीपासून. आणि माणसाची सुरुवात कुणाला माहीत असते? घरातल्या भावंडांना.

अण्णांचे धाकटे भाऊ शंकर भाऊ साठे यांनी आपल्या थोरल्या भावावर पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'माझा भाऊ अण्णा भाऊ'. नाव नीट बघा. पहिला 'भाऊ' नात्याचा आणि दुसरा 'भाऊ' वडिलांच्या नावाचा. अण्णांचे पाळण्यातले नाव तुकाराम, वडील भाऊराव, आई वालूबाई. म्हणून थोरला अण्णा भाऊ आणि धाकटा शंकर भाऊ. आपण बॅनरवर 'अण्णाभाऊ' असे जोडून लिहितो आणि त्या बापाचे नाव आपल्या लक्षातच येत नाही. धाकट्या भावाने ते पुस्तकाच्या कपाळावर ठेवले.

आता ती सुरुवात काय होती ते ऐका. १ ऑगस्ट १९२० रोजी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावी, मांगवाड्यात अण्णांचा जन्म झाला. इंग्रज सरकारने या समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारलेला. शाळा म्हणाल तर दीड दिवसाची, त्यापुढे पाटी सुटली ती सुटलीच. १९३० नंतर एक-दोन वर्षांत हे कुटुंब पोटासाठी पायी मुंबईला निघाले. मुंबईत पोराने हमाली केली, फेरीवाल्याच्या मागे गाठोडे वाहिले, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे बघत बघत अक्षरे जुळवली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्या पोरांना आपण वह्या-पुस्तके घेऊन देतो, क्लास लावतो. या पोराची शाळा रस्त्यावर भरली, आणि फी त्याने पाठीवर ओझे वाहून भरली.

मधल्या काळात ते गावी गेले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात राहिले. ढोलकी, पेटी, गाणे, सोंग सगळे तिथे अंगात मुरले. पुन्हा मुंबईत आल्यावर माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वावर सुरू झाला. ही वस्ती कुणाची, ते आपल्यातल्या वयस्कर मंडळींना सांगायला नको. दलित कामगारांची, आपल्याच लोकांची. तिथे अण्णांनी पहिल्यावहिल्या रचना केल्या, आणि त्यातली एक होती मच्छरांवर!

हसू नका मंडळी. रात्रभर डास फोडून काढतात, गटार तुंबलेले आहे, पहाटे भोंगा झाला की कामावर जायचे आहे. त्या वस्तीचा खरा प्रश्न तोच होता. मोठमोठे कवी चंद्रावर लिहीत होते. अण्णांनी अंगाला चावणाऱ्या गोष्टीवर लिहिले, आणि वस्तीला आपले दुखणे गाण्यात ऐकायला मिळाले. माझ्या मते अण्णांचे सगळे पुढचे साहित्य त्या मच्छराच्या गाण्यात बीजरूपाने आहे. पुढे त्यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला, १९४३च्या बंगालच्या दुष्काळावर रचला. चूल विझलेल्या माणसाचे दुःख त्यांना लेबर कॅम्पात कळले होते, म्हणून बंगाल त्यांना परका वाटला नाही.

दुसरा प्रयोग तमाशाचा. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशात आधी गण, मग गौळण, मग वग. अण्णांनी गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले, गौळण गाळली आणि वगात राजा-राणीऐवजी शेठजी, सावकार आणि मते मागायला आलेला पुढारी उभा केला. 'अकलेची गोष्ट', 'देशभक्त घोटाळे', 'शेटजींचे इलेक्शन' ही नावेच बघा! ढोलकी तीच, सोंगाड्या तोच, पण कामगाराला प्रथमच स्टेजवर आपला मालक ओळखू आला. लोकनाट्य म्हणतात ते हेच.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे. २ मार्च १९५८ रोजी मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले आणि पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असा विचार मांडला. १९५९ला 'फकिरा' आली आणि १९६१ला तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी कुणाला अर्पण केली? बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. त्याच १९६१ साली ते रशियाला जाऊन आले. १८ जुलै १९६९ रोजी, अवघ्या ४८ वर्षांचे असताना, हलाखीत ते गेले. त्यांच्या नावाचे तिकीट २००२ साली निघाले, मॉस्कोत पुतळा २०२२ साली उभा राहिला. सन्मान झाला, पण किती उशिरा!

आपल्या वस्तीत काही जण म्हणतात, अण्णा मातंग समाजाचे, शिवाय लाल बावट्याचे, त्यांची जयंती त्यांचे लोक करतील. हे ऐकून मन खिन्न होते. ज्याने आपल्या लेबर कॅम्पात बसून गाणे रचले, आपल्या बाबांना पुस्तक वाहिले, तो आपला भाऊ नाही, तर कोण? शंकर भाऊंनी 'माझा भाऊ' म्हटले ते रक्ताच्या नात्याने. आपण ते विचाराच्या नात्याने म्हणू या. येत्या १ ऑगस्टला शेजारच्या मातंग वस्तीतल्या मंडळींना बरोबर घेऊनच जयंती करावी, अशी माझी समितीला नम्र विनंती आहे.

आणि घरोघरच्या आई-बाबांना, ताई-दादांना एक सांगणे. तुमच्या घरात एखादे पोर चित्रे काढते, डबा वाजवत गाणी जुळवते, वहीच्या मागच्या पानावर काहीबाही लिहिते. ती वही रद्दीत देऊ नका. बहिणीने जपावी, भावाने तिच्यावर तारीख घालावी. सगळेच अण्णा भाऊ होणार नाहीत, हे खरे. पण अण्णांच्या पहिल्या गाण्यांतली किती हरवली असतील, याचा विचार करा. लिहिणारा आपल्या घामात लिहून मोकळा होतो. ते जपून ठेवायचे काम भावंडांचे आहे.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय, जयभीम!