रणगाड्याचा पट्टा कोणता घ्यावा?

(अंधेरी येथील उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



रणगाड्याच्या मॉडेलचं किट घेताना आपण तोफ पाहतो, खोक्यावरचं चित्र पाहतो. पट्ट्याकडे लक्ष जातं सगळ्यात शेवटी. मग प्रश्न पडतो, खोक्यातलाच रबरी पट्टा लावावा की जादा पैसे मोजून सुट्या कड्यांचा किंवा धातूचा मागवावा? माझं म्हणणं असं, की याचं उत्तर दुकानात नाही. ते खऱ्या रणगाड्याच्या चाकांवर आहे.

आणि खरे रणगाडे आपल्यापासून दूर नाहीत. अहिल्यानगरला १९९४पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथल्या पीटी-७६समोर उभे राहा. एका बाजूला सहा मोठी चाकं. वरचा पट्टा उचलून धरणाऱ्या लहान पुल्या त्याला नाहीतच. पट्टा आपल्याच वजनानं चाकांच्या माथ्यावर टेकतो आणि दोन चाकांमध्ये किंचित झुकतो. नोव्हेंबर १९७१मध्ये गरीबपूरच्या लढाईत आपल्या पीटी-७६ रणगाड्यांची गाठ पाकिस्तानी चॅफींशी पडली. चॅफीला वर पुल्या आहेत, त्यामुळे तिचा पट्टा बराच सरळ जातो. या लढाईतले दोन्ही रणगाडे शेजारी मांडायचे असतील, तर दोघांना एकच माप लावून चालणार नाही.

रबरी पट्टा आला कुठून, हेही समजून घ्या. टॅमिया या मॉडेल कंपनीचं १/३५ हे प्रमाण मोटर आणि बॅटऱ्या बसवलेल्या पँथरपासून रूढ झालं. ते मॉडेल जमिनीवर धावायचं, म्हणून पट्टा लवचीक हवा होता. आपलं मॉडेल मात्र कपाटात उभं राहतं. लवचीक पट्टा तिथं ताणला जातो, चाकांवर न टेकता तरंगतो, कधी टोकाच्या चाकाचा आसही वाकवतो. पीटी-७६वर हे लगेच डोळ्यात खुपतं. तरीही तोच वापरायचा असेल, तर वरचा भाग चाकांच्या माथ्याला दोऱ्यानं किंवा गोंदानं खाली बांधून घ्या.

दुसरी गोष्ट आपल्या घरांची. पश्चिमेच्या खिडकीपाशी ठेवलेलं काचेचं कपाट दुपारभर तापतं. काही जुन्या किटांच्या मऊ पट्ट्यांमधून झिरपणारं द्रव्य पॉलिस्टायरीनची चाकं विरघळवतं, आणि उष्णतेनं हे लवकर घडतं. अशा पट्ट्याच्या आणि चाकाच्या मध्ये रंगाचा पक्का थर हवाच.

नवशिक्याला मी नेहमी लांब पट्ट्या आणि थोड्या सुट्या कड्या असा मिश्र प्रकार सुचवतो. सरळ भागाला लांब तुकडे, दातेरी चाकाभोवती एकेक कडी. वरच्या तुकड्यात झोळ बहुधा साच्यातच दिलेला असतो. पातळ गोंदानं जोडून, गोंद मऊ असतानाच पट्टा चाकांभोवती बसवा, स्पंजचे तुकडे खोचून रात्रभर वाळू द्या. मग दोन भागांत अलगद काढून वेगळा रंगवता येतो.

पूर्ण सुट्या कड्यांचा पट्टा सुंदर होतो, पण प्रत्येक कडी कापून, घासून, साच्याचे गोल ठसे बुजवावे लागतात. हे श्रम कुठे दिसणार, ते आधी पाहा. मटिल्डा रणगाड्याच्या पट्ट्याचा वरचा भाग चिलखताआड असतो. सेंच्युरियनच्या बाजूचे पत्रे लावले की वरचा झोळ झाकलाच. १९६५ला चाविंड्याच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचं नेतृत्व करणारे परमवीर अर्देशीर तारापोर मुंबईत जन्मलेले. त्यांचा सेंच्युरियन करण्याची इच्छा इथल्या अनेकांना असते. पत्र्यांसह करणार असाल, तर खोक्यातला पट्टा पुरेसा आहे. पत्रे काढलेला करणार असाल, तर सुट्या कड्यांना तोड नाही.

धातूच्या पट्ट्याचं मोल त्याच्या वजनात आहे. तो आपोआप झुकतो, आणि जमिनीला घासणारे उंचवटे घासकागदानं हलके घासले की खराखुरा धातू चमकतो. सेंच्युरियनच्या पोलादी पट्ट्याला हे शोभतं. पॅटन रणगाड्याच्या पट्ट्यावर मात्र रबराच्या गाद्या आहेत. रबर चमकत नाही, तिथं मळकट काळा रंगच खरा. पॅटनला निव्वळ चकाकीसाठी धातूचा पट्टा घेणं मला पटत नाही. १/७२च्या बोटभर रणगाड्यालाही नाही.

चिखलाचा देखावा करणार असाल, तर आणखी विचार करा. खालच्या निम्म्या कड्या मातीत बुडणार असतील, तर पैसे मातीच्या कामावर आणि चांगल्या ब्रशवर खर्च करा.

तेव्हा माझी विनंती एवढीच: पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन अहिल्यानगरला जा. रणगाड्याशेजारी उकिडवे बसा, डोळे चाकांच्या उंचीला आणा आणि पट्टा कुठे टेकतो, कुठे झुकतो, कुठे झाकला जातो, ते वहीत रेखाटून घ्या. पट्ट्याची ऑर्डर त्यानंतर द्या.