मोबाईलमधली मदत कागदावर

आज मला तुमच्याशी मोबाईलबद्दल बोलायचंय, पण मोबाईल कसा वापरायचा हे नाही सांगणार. मोबाईलमध्ये जी मदत लिहिलेली असते ना, ती कागदावर उतरवून गटाच्या पेटीत कशी ठेवायची, हे सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, सगळं फोनमध्ये आहे, मग कागद कशाला? आपल्याच गटाकडे बघा. दहा-बारा बायका असतात, त्यातल्या किती जणींच्या हातात दिवसभर स्वतःचा फोन असतो? फोन मुलाकडे, नाहीतर मालकांकडे. संध्याकाळी हातात आला तर रेंज नाही, चार्जिंग नाही. आणि आला तरी आत 'मदत' नावाचं पान आहे, हे किती जणींना माहीत? बहुतेक अ‍ॅपमध्ये ते असतं. अडचण आली तर काय करायचं, फसवणूक कशी ओळखायची, असं बरंच काही लिहिलेलं असतं. पण ते कुणी उघडतच नाही.

आमच्या भागातल्या एका गटातल्या ताई पापड विकतात. त्यांना फोन आला, "पन्नास किलो पापड पाहिजेत, ॲडव्हान्स पाठवतो. हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." ताईंनी पिन टाकला आणि खात्यातले साडेचार हजार गेले. बचतीचे, घामाचे पैसे. आता बघा, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे देताना, हे वाक्य त्यांच्या फोनमधल्या मदतीच्या पानावर होतं. ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, एवढंच. हेच वाक्य गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं गेलं असतं, चुलीमागच्या भिंतीवर चिकटवलेलं असतं, तर?

म्हणून हा कागद. आता तो करायचा कसा, ते सांगते. घरात शिकणारी मुलगी असेल तर तिला शेजारी बसवा.

मदतीचं पान क्रोममध्ये, म्हणजे इंटरनेटवर उघडत असेल तर काम सोपं आहे. वर कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात, ती दाबा. तिथे 'शेअर' आणि त्यात 'प्रिंट' मिळेल. प्रिंटर आपल्याकडे नाही, म्हणून घाबरू नका. वरच्या बाजूला 'पीडीएफ म्हणून सेव्ह करा' असं निवडा. आणि एक गोष्ट विसरू नका, कागदाचा आकार 'ए-फोर' करा. कधी कधी तिथे 'लेटर' असं लिहिलेलं असतं. तो आकार ए-फोरपेक्षा थोडा रुंद आणि आखूड असतो. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर असतो, त्यामुळे मजकूर नीट बसत नाही.

पीडीएफच का? कारण पीडीएफ म्हणजे लोणच्याची बंद बरणी. जशी भरली तशीच दुसऱ्या घरी पोचते. वर्डची फाईल पाठवली तर दुकानातल्या संगणकावर ओळी सरकतात. आणि जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं मराठी असेल, तर तो फॉन्ट तिथे नसला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात.

काही अ‍ॅपमध्ये प्रिंटची सोयच नसते. तिथे पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबून स्क्रीनशॉट घ्या. पण तो तसाच छापू नका. अक्षर बारीक येतं, आणि स्क्रीन काळी असेल तर सगळा कागद काळा होतो. त्यापेक्षा ते वाचून आपल्या शब्दांत नवीन लिहा. कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, ते दाबून मराठीत बोललात की फोन लिहून देतो. फक्त आकडे स्वतः तपासा.

आता महत्त्वाचं. फोनवरचं पान आणि कागद यांत फरक आहे. फोनवर 'येथे क्लिक करा' लिहिलेलं असतं. कागदावर कुठे क्लिक करणार? तिथे नंबर लिहा, ऑफिसचं नाव लिहा. फोनवर व्हिडिओ असतो, त्याच्या जागी एक, दोन, तीन अशा पायऱ्या लिहा. एका पायरीत एकच काम. अक्षर मोठं ठेवा, सोळाचं तरी. आपल्या गटातल्या आजींना चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे.

एक ए-फोर कागद मधोमध दुमडला की चार पानांची छोटी पुस्तिका होते. बाहेरच्या बाजूला डावीकडे पान चार, उजवीकडे पान एक. आतल्या बाजूला दोन आणि तीन. आधी कोरा कागद दुमडून त्यावर आकडे टाका आणि तो नमुना दुकानदाराला दाखवा, म्हणजे चूक होत नाही.

पैशाच्या व्यवहारांसाठी त्या चार पानांत काय असावं? पहिल्या पानावर पिनचं ते वाक्य, मोठ्या अक्षरात. दुसऱ्यावर, पैसे कापले गेले पण समोरच्या माणसाच्या खात्यात पोचले नाहीत तर काय करायचं ते. व्यवहाराचा बारा आकडी नंबर लिहून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमाप्रमाणे असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी मुदत पाच दिवसांची. तिसऱ्या पानावर, फसवणूक झाली तर लगेच १९३० या नंबरवर फोन करायचा आणि आपल्या बँकेला कळवायचं. जेवढं लवकर कळवाल, तेवढे पैसे अडवण्याची संधी जास्त. चौथं पान कोरं ठेवा, तिथे आपल्या बँक शाखेचा नंबर हातानं लिहा. आणि खाली तारीख टाका. नियम बदलतात, तारीख नसली की जुना कागद कोणता आणि नवा कोणता, ते कळत नाही.

दुकानात फाईल देताना जपा. स्क्रीनशॉटमध्ये आधार नंबर, खाते नंबर, शिल्लक दिसत असेल तर आधी कापून टाका. प्रिंट निघाली की, "दादा, फाईल डिलीट करा," असं सांगा आणि समोर करून घ्या. त्यात संकोच नको. आपलं कागदपत्र आहे.

शेवटचं म्हणजे तो कागद पेटीत कुलूपबंद ठेवू नका. दर महिन्याच्या बैठकीत एक पान, एका ताईनं मोठ्यानं वाचायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी पिनचं वाक्य तोंडपाठ म्हणायचं. आमच्या गटात ओव्या पाठ असलेल्या बायका आहेत, त्यांना एक वाक्य काय जड!

तर या महिन्यात आपापल्या गटात एवढंच करा, एक कागद, चार पानं. झेरॉक्सचा खर्च गटाच्या खर्चात लिहून इतिवृत्तात नोंद घ्या.